भिंतीवरचा केरू

दोहाच्या अल अझीझिया भागातल्या त्या फ्लॅटमध्ये शहाजी गेला होता पुस्तकांच्या कपाटाचं माप घ्यायला. टेपचं टोक कोपऱ्यात अडकवून तो मागे मागे सरकत होता, आणि सरकता सरकता त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर पोस्टकार्डाएवढी शे-दीडशे कार्डं टाचणीनं लावलेली. एका कार्डापासून दुसऱ्या कार्डापर्यंत लाल दोरे ताणलेले. आणि मधोमध, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, निळ्या शाईनं, टपोऱ्या मराठी अक्षरांत एका कार्डावर लिहिलेलं होतं: केरू.

टेप हातातून सुटला आणि सर्रकन डबीत गेला.

"लागलं का हो?" घरमालकीण नुपूरबाईंनी विचारलं.

"न्हाय न्हाय मॅडम. निसटला नुसता."

लागलं होतं, पण बोटाला नाही. अख्ख्या कतारमध्ये केरू हे नाव ठाऊक असणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे हा शहाजीच. कारण ते त्याचं स्वतःचं नाव होतं.

इथं जरा थांबून मागचं सांगायला हवं, नाहीतर एवढ्या दणकट बाप्याला एका कार्डानं घाम का फोडला हे कळायचं नाही. माण तालुक्यातल्या एका सुताराच्या घरात दोन भाऊ. थोरला शहाजी, धाकटा केरू. मधली तीन पोरं महिन्याच्या आतच गेली होती. थोरल्यानं आयटीआय केलं, पासपोर्ट काढला, कतारचा व्हिसा मिळवला, मेडिकलसुद्धा पास झाला. विमानाला दहा दिवस राहिले असताना फलटणच्या रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. दोघा भावांचे चेहरे एकाच साच्यातले. बाप दोन दिवस ओट्यावर नुसता बसून होता, आणि तिसऱ्या दिवशी उठून त्यानं ग्रामपंचायतीत लिहून दिलं की मेला तो केरू. गावाला सगळं माहीत होतं. गाव तोंड शिवून बसलं. दहाव्या दिवशी केरू शहाजीचा पासपोर्ट खिशात घालून विमानात बसला. दोहाला उतरल्यावर त्याची बोटं मशीनवर दाबून घेतली, आणि ती दहाच्या दहा बोटं त्या क्षणापासून सरकारी कागदावर शहाजीची झाली.

त्याला अकरा वर्षं झाली होती. पताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, शहाजीच्या नावाची. पगाराचं खातं शहाजीचं. दर शुक्रवारी आई लक्ष्मीबाई फोनवर बोलायची, तीसुद्धा "शहाजी, जेवलास का?" असंच. फोन कोण ऐकत असेल काय सांगावं, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षांत कुणी त्याला केरू म्हणून हाक मारली नव्हती, आणि त्यालाही आता तशी हाक आली असती तर त्यानं मान वळवली नसती. निदान त्याची तशी समजूत होती.

आणि आता हे कार्ड.

माप लिहून घ्यायच्या निमित्तानं तो भिंतीच्या जवळ सरकला. कानावरची पेन्सिल काढली, आणि प्लायच्या तुकड्यावर आकडे लिहिता लिहिता तिरप्या डोळ्यानं वाचत राहिला. केरूच्या वर मोठ्या अक्षरांत 'कोप्रेउस' असं काहीतरी. शेजारी अपोलोडोरस, दिमित्रिओस, हेरोडोरस. प्रत्येक नावाखाली बापाचं नाव, त्याखाली गाव, त्याखाली कुठल्या कागदात सापडला ते. सापडला! एक कार्ड तर 'माश्या हाकलणारा झ्यूस' असं होतं, आणि एक 'उंदरांचा अपोलो'. ही गुंडांची टोपणनावं असणार, शहाजीनं ताडलं. साताऱ्याच्या पोलीस स्टेशनात त्यानं फरारी लोकांचे फोटो भिंतीवर बघितले होते. इथं फोटो नव्हते, पण दोरे होते, आणि दोरे फोटोपेक्षा वाईट.

"तुमचं नाव शहाजी ना?" नुपूरबाई हातात चहाचा कप घेऊन आल्या. "छान नाव. नवसाचं दिसतंय. पीराचा नवस होता का?"

ही गोष्ट गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

"तुमाला कसं कळलं?"

"अंदाज. ते नाव मुळात पीराच्या नवसावरूनच आलंय, असं सांगतात. कुणी ठेवलं?"

"आईनं."

"मूळ गाव कुठलं?"

"साताऱ्याकडं," त्यानं तालुका गिळला.

"आणि भावंडं किती?"

"धाकटा एक व्हता."

"होता?" बाईंनी कपावरून मान वर केली.

चहा कढत होता, तरी त्यानं दोन घोटांत संपवला. कपाटाला किती खाने हवेत, दारं हवीत की नको, हे काहीही न विचारता तो लिफ्टकडे पळाला. खाली वर्कशॉपची व्हॅन घेऊन बशीर उभा होता. बशीर कालिकतचा, आणि त्याला प्रत्येकाचा चेहरा वाचायची सवय.

"क्या हुआ भाई? भूत देखा क्या?"

"कुछ नहीं. यल्ला, चलो."

संशयाचं एक असतं, त्याला एकदा घरात घेतलं की तो स्वतःच पाट मांडून बसतो. अल रय्यानला वर्कशॉप येईपर्यंत शहाजीनं सगळा हिशेब जुळवला होता. बाई मराठी होती. चार प्रकारे गोड बोलून माहिती काढत होती. नवरा दुखानला तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, म्हणजे वरच्या लोकांशी ऊठबस. आणि तिच्या घरी या आधी वर्कशॉपमधून कोण गेलं होतं? जालिंदर गेला होता, टेबलाला पॉलिश मारायला. जालिंदर खटावचा. जालिंदर गेल्याच महिन्यात सुट्टीवरून आला होता, आणि सुट्टीत एका लग्नाला दहिवडीला, म्हणजे शहाजीच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, जाऊन आला होता. मांडवात कुणीतरी तोंड उघडलं असणार. आणि यानं ते आणून बाईच्या पदरात टाकलं असणार. सात वर्षं एका ताटात जेवलेला माणूस!

शुक्रवारी दुपारी खोलीत दोघेच होते. जालिंदर कोंबडीचा रस्सा ढवळत होता आणि गुणगुणत होता. त्या गुणगुणण्यानंच शहाजीचं डोकं फिरलं.

"त्या अझीझियाच्या बाईला काय सांगितलंस?"

"कंच्या बाईला?"

"टेबलाला पॉलिश मारायला गेल्तास ती."

"गरम भांडं ठिवू नका म्हनलं. पांढरा डाग पडतो. का रं?"

"येड पांघरू नगंस. मग केरूचं कुनी सांगितलं तिला?"

जालिंदरचा पळा भांड्यातच थांबला. "केरू कोन?"

तोंडातून गेलं ते गेलं. अकरा वर्षं ज्या नावाला कुलूप लावून ठेवलं, ते शहाजीनं स्वतःच्या हातानं उघडून समोरच्याच्या ताटात वाढलं होतं. जालिंदरला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

जालिंदरनं गॅस बारीक केला. मग म्हणाला, "नाव म्हाईत नव्हतं. पर दुसरं कायतरी हाय, ह्ये म्हाईत हुतं."

"कसं?"

"सात वरसं तुज्या समोरच्या कॉटवर झोपतोय मी. तुज्या उजव्या नाकपुडीला बारीक भोक हाय. माज्या चुलत्यालाबी हाय, नथूआप्पाला. ज्या घरात पोरं जगत न्हाईत तिथं टोचत्यात नाक. थोरल्या, पयल्याच पोराचं कोन टोचतंय? म्हनलं, आसंल कायतरी. त्याला सांगायचं आसंल तवा सांगंल." त्यानं रस्सा एका वाडग्यात घेतला, दोन भाकरी घेतल्या. "आन् तू मला चुगलखोर म्हनतोस."

तो वाडगा घेऊन जिन्यात जाऊन बसला. सात वर्षांत पहिल्यांदा दोघे वेगवेगळे जेवले.

शहाण्या माणसाला एवढ्यानं लाज वाटली असती. शहाजीला वाटलीही, पण घटकाभरच. संध्याकाळपर्यंत त्याच्या मनानं नवी वाट काढली. सात वर्षं माहीत होतं, मग विचारलं का नाही? कशासाठी राखून ठेवलं? जालिंदर गच्चीवर जाऊन फोनवर बोलला, तर शहाजी जिन्याखाली उभा राहून कान लावायचा. वर जालिंदर बायकोला छपराच्या पत्र्यांबद्दल विचारत असायचा. सकाळी जालिंदर न बोलता डबा भरून ठेवायचा, नेहमीसारखा, दोन माणसांचा. शहाजी झाकण उघडून वास घ्यायचा आणि मग खायचा. असा अधोगतीला गेला होता बिचारा.

आठवड्यानं कपाटाचे सांगाडे घेऊन तो पुन्हा अझीझियाला गेला. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. बाई आतल्या खोलीत लॅपटॉपवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होत्या. बाहेर तो आणि ती भिंत. या वेळी त्यानं केरूच्या कार्डापासून निघालेला लाल दोरा बोटानं धरून शेवटपर्यंत नेला. दोरा ज्या कार्डावर संपत होता त्यावर लिहिलं होतं: 'थोरला मेला, धाकट्याला त्याचंच नाव.'

आता शंकेला जागाच उरली नव्हती. बाईला नाव कळलं होतं, आणि कसं घडलं तेही कळलं होतं. राहिलं होतं फक्त फोन फिरवायचं. मग नोकरी खलास, जेल, आणि जेलनंतर गावी परत. गावात तरी काय म्हणून परत जायचं? तिथल्या रजिस्टरात तो मेलेला. त्याच्या डोळ्यांपुढे म्हातारी आई आली, जिला दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर पैसे भरणारा मुलगा म्हणून शहाजीचं नाव लावावं लागायचं. तो रडायच्या बेताला आला.

आणि मग त्यानं एक निव्वळ मूर्खपणा केला. केरूचं कार्ड टाचणीसकट उपटलं, चौघडी घालून शर्टाच्या खिशात कोंबलं, आणि सांगाडे भिंतीला लावून निघून गेला. कार्ड काढलं की बाईच्या डोक्यातलं नावही निघेल, असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं होतं.

शेवटची फेरी तीन दिवसांनी. खाने बसवायचे, कडांना पट्ट्या लावायच्या आणि मोकळं व्हायचं. कार्ड अजून खिशातच होतं. फाडायचा धीर झाला नव्हता. स्वतःचं नाव फाडायचं म्हणजे काही झालं तरी अवघडच. चौथा खाना बसवत असताना नुपूरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात चहा नव्हता.

"शहाजी, माझं एक कार्ड गेलंय."

"कंचं?" ड्रिल बंद न करताच त्यानं विचारलं.

"ड्रिल थांबवा जरा. केरू लिहिलेलं. एसीच्या वाऱ्यानं पडलं असेल म्हणून सोफासुद्धा सरकवून बघितला. टाचणीपण नाही. गेल्या आठवड्यात या घरात बाहेरचे असे तुम्हीच आला होता."

आता संशयाचं तोंड त्याच्याकडे वळलं होतं. त्यानं ड्रिल खाली ठेवलं. खिशातून कार्ड काढलं, घडी उलगडून ताज्या पट्टीच्या खान्यावर ठेवलं, आणि जे विचारायचं ते विचारलं.

"मॅडम, आधी येवढं सांगा. तुमी कुनाच्या तर्फे हाय?"

"म्हणजे?"

"कंपनीच्या, का पोलिसाच्या, का एम्बसीच्या?"

बाई आधी चिडल्या, मग चक्रावल्या, आणि मग एकदम स्टूल ओढून खाली बसल्या. "अहो, ही माणसं मेलीत सगळी," भिंतीकडे हात करून त्या म्हणाल्या. "दोन-दोन हजार वर्षं झाली मरून. ग्रीक आहेत. मी त्यांच्या नावांवर मराठीत पुस्तक लिहितेय. माणसांची नावं आणि देवांची बिरुदं, कुठून आली, का ठेवली. अपोलोडोरस म्हणजे अपोलोनं दिलेला. आपल्याकडे खंडोबाचा खंडू असतो, तसं."

"आन् माश्या हाकलनारा?"

"तो देव. ऑलिंपियाला बळी द्यायचे, तिथं माश्या फार. म्हणून माश्या हाकलणाऱ्या झ्यूसला साकडं घालायचे. कुंपणातला झ्यूस वेगळा, घरच्या अंगणात असायचा. अथेन्समध्ये माणसाला मोठ्या सरकारी कामावर घ्यायच्या आधी उभं करून विचारायचे, बापाचं नाव काय, आजाचं काय, कुंपणातला झ्यूस आहे का, कुठे आहे, पूर्वजांच्या समाध्या कुठे आहेत. नीट सांगता आलं तरच काम."

"म्हंजे मेडिकल आन् फिंगरप्रिंट," शहाजी पुटपुटला.

"अगदी तसंच," बाई पहिल्यांदाच हसल्या.

तो हसला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक, हे ऐकून छाती जरा सैल झाली होती, पण जित्राब एकदा बुजलं की लगेच दावणीला येत नाही. त्यानं लाल दोऱ्याकडे बोट केलं. "आन् थोरला मेला, धाकट्याला त्याचंच नाव, ह्ये?"

"तेही त्यांच्यात चालायचं. या दोऱ्यावरची सगळी कार्डं एकाच प्रकारच्या घरातली आहेत. जिथं मुलं दगावतात अशा घरांतली. मेलेल्याचं नाव पुढच्याला देऊन त्याला परत आणायचं, किंवा असं काही घाणेरडं नाव ठेवायचं की..." त्या थांबल्या. कार्ड हातात घेऊन त्यांनी घड्या तळव्यानं सपाट केल्या. "या कार्डावरून माझं भांडण चाललंय. कोप्रेउस म्हणजे उकिरड्यावरचा. अशी खूप नावं सापडतात, इजिप्तमधल्या जुन्या कागदांत तर ढिगानं. पुष्कळ विद्वान म्हणतात, ही टाकून दिलेली मुलं. आईबापांनी कचऱ्यात फेकलेली, आणि दुसऱ्यांनी गुलाम करायला उचललेली."

"फेकलेली?" शहाजीचा आवाज चढला.

"मी म्हणते, सगळी तशी नसतील. आपल्याकडचे केरू, दगडू, कोंडाजी फेकलेले नव्हते, लाडके होते. पण हे मी फक्त वाचलंय. पुण्यात वाढले मी, आमच्या सोसायटीत कोण केरू? ज्यानं हे डोळ्यांनी पाहिलंय असा एकही माणूस मला भेटलेला नाही. ते विद्वान मला लिहितात, पुरावा काय? या महिन्याअखेर मला हे प्रकरण द्यायचंय, आणि नाही जमलं तर 'फेकलेली मुलं' असंच छापावं लागेल."

शहाजी खान्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. बोलू नकोस, त्याचं मन सांगत होतं. ड्रिल उचल, दोन पट्ट्या राहिल्यात, त्या लाव आणि चालू लाग. ही पण युक्ती असेल. पण 'फेकलेली' हा शब्द त्याला काट्यासारखा सलत होता. आपल्या आईनं आपल्याला फेकलं, असं पुस्तकात छापून यायचं? जिनं तीन पोरं पुरली त्या बाईबद्दल?

"फेकत न्हाईत," तो म्हणाला. "मी सांगतो. माज्या धाकट्या भावाचं सांगतो. लिवून घ्या."

बाईंनी वही ओढली.

"पाचव्या दिवशी सुपात घालायचं लेकरू. सुपात खाली जुनं धडुतं, पर मऊ बगून घ्यायचं. आई सोता घिऊन जाती उकिरड्यावर. ठिवती आन् मागं न बगता चार पावलं जाती. चारच, जास्ती न्हाय. तवर शेजारीन आधीच यून हुबी आसती, कारन कुत्रं-बित्रं यायला नगं. ती वरडती, बया बया, हितं कुनाचं लेकरू पडलंय? आई म्हनती, माजं न्हाय बाई, माजी मेली समदी. मग शेजारीन उचलती. आन् आईच तिच्याकडनं मूठभर कोंडा दिऊन इकत घेती. म्हंजे मरनाला वाटावं, ह्ये हिचं न्हवंच, ह्ये कोंड्याच्या मोलाचं. मग सोनाराकडं नाक टोचायचं. माजी आय सांगायची, ती चार पावलं टाकताना तिला दोनदा पान्हा फुटला हुता, लुगडं भिजलं हुतं."

बोलताना त्याचे हात सूप धरल्यासारखे झाले होते. नुपूरबाई लिहायचं थांबून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच हवं होतं मला. तुमच्या आईचं नाव?"

"लक्ष्मीबाई."

"आणि भावाचं केरू." त्यांनी नवं कार्ड घेतलं, निळ्या शाईचं पेन उघडलं. "आता कुठे असतो तो?"

प्रश्न साधा होता, आणि उत्तर त्याच्या जिभेवर अकरा वर्षं तयार होतं. इमिग्रेशनला, बँकेत, दोस्तांत, सगळीकडे त्यानं ते दिलं होतं.

"वारला," तो म्हणाला. "मोटरसायकलवर. ट्रकनं उडवला."

"अरेरे." बाईंनी नावापुढे कंस करून लिहिलं, 'मृत'. मग बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिल्या, आणि हळहळून म्हणाल्या, "म्हणजे एवढं सगळं करूनही शेवटी नावाचा उपयोग नाहीच झाला."

शहाजीनं ड्रिल उचललं. पट्टी कडेला धरली. स्क्रू लावला. आणि हात तसाच राहिला.

ते सूप, ती चार पावलं त्याला दिसत होती. भिजलेलं लुगडं दिसत होतं. भेटायला आलेल्या बाहेरगावच्या माणसांपुढे थोरल्याच्या नावानं हंबरडा फोडायची सोय नव्हती म्हणून आईनं 'माज्या केरूऽ' म्हणून छाती पिटली होती, आणि तो केरू पलीकडच्या खोलीत दाराआड उभा राहून ऐकत होता, जिवंत. ग्रामपंचायतीत लिहिलं ते पोटासाठी. आता हे पुस्तकात जाणार. लोक वाचणार की लक्ष्मीबाईनं पोर उकिरड्यावर ठेवलं, कोंडा दिला, नाक टोचलं, आणि तरी ते मेलंच. आईचा हरलेला डाव छापून यायचा, तोही त्याच्याच साक्षीनं. नोकरी, पताका, जेल, सगळं त्याच्या डोक्यात एकदा फिरून गेलं. आणि तरी त्याच्यानं ते सहन होईना.

"पुसा ते, ताई," तो म्हणाला.

"काय?"

"मृत. झाला उपेग नावाचा. केरू हाय. जित्ता हाय."

बाईंनी मान वर केली. त्या काहीतरी विचारणार होत्या, पण त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर ठरली, उजव्या नाकपुडीवर, तिथल्या बारीकशा खाचेवर. मग ती भिंतीवर गेली, लाल दोऱ्याच्या दुसऱ्या टोकावरच्या कार्डाकडे, आणि परत त्याच्याकडे आली. शहाजीनं नजर खाली घातली नाही. अकरा वर्षांनी कुणीतरी त्याला बघत होतं.

नुपूरबाईंनी ते कार्ड फाडलं, चारदा फाडलं, आणि तुकडे मुठीत धरले. दुसरं कोरं कार्ड घेतलं. त्यावर लिहिलं: केरू. आईचं नाव लक्ष्मीबाई. कंस नाही.

"बापाचं नाव नको," त्या पेन थांबवून म्हणाल्या. "गावही नको. साक्ष कुणी दिली तेही लिहीत नाही. चालेल?"

"चालंल."

"एवढंच राहू दे?"

"येवढंच ऱ्हाऊ द्या. पर शाईनं लिवा."

"शाईनंच लिहिलंय."

त्यानं उरलेल्या दोन पट्ट्या लावल्या, भुसा गोळा केला, कपाटावरून ओला फडका फिरवला. काम झकास झालं होतं, एक फट कुठे दिसत नव्हती. डबा अजून उघडला नव्हता. जालिंदरनं सकाळी भरलेला, दोघांपुरता. तो आता संध्याकाळी खोलीवर नेऊन त्याच्यासमोर उघडायचा आणि आधी माफी मागायची, मग पहिला घास घ्यायचा, वास न घेता, असं त्यानं ठरवलं.

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. "शहाजी भाई! यल्ला!" बशीरनं हाक मारली.

केरूनं हत्यारांची पेटी उचलली, आणि "आया!" म्हणून ओ दिली.